पत्र्यावरचे छायाचित्र : लॅब कशी पारखावी?



या व्यासपीठावर गेले काही दिवस संतवाङ्मयापासून अर्थशास्त्रापर्यंत अनेक विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली. आज माझ्यासारख्या युनियनच्या माणसाने पगार, बोनस आणि कामगार कायदा बाजूला ठेवून छायाचित्रे पत्र्यावर कशी छापतात व ती छापणारी लॅब कशी निवडावी, यावर बोलायला उभे राहावे, याचे काहींना नवल वाटेल. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. दहावीनंतर गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो आणि पुढे युनियनच्या कामात पडलो. जे काही शिकलो ते पुस्तकांतून, यंत्रावरच्या माणसांकडून आणि बहुतेक वेळा स्वतःच्या फजितीतून. आजचा विषयही असाच एका फजितीतून माझ्या वाट्याला आला आहे. ती फजिती आधी सांगतो, म्हणजे बाकीचे का सांगतो आहे ते आपोआप ध्यानात येईल.

आमच्या युनियनच्या कार्यालयात १९७९ सालचे एक छायाचित्र होते. गिरणीच्या फाटकासमोर दोन ओळींत उभी असलेली अकरा माणसे, एवढाच त्याचा विषय. पोस्टकार्डापेक्षा जरा मोठा, सहा इंच बाय चार इंचांचा तो कृष्णधवल फोटो. त्या अकरांपैकी आज कोणीही हयात नाही आणि गिरणीही राहिलेली नाही. त्यातल्या कित्येकांचा दुसरा फोटोच कोणाकडे नाही. त्या काळी गिरणी कामगार फोटो काढून घेत असे तो लग्नात, आणि तोही सगळ्यांना परवडत नसे. कार्यालयाची भिंत पावसाळ्यात ओल धरते. एका जून महिन्यात पाहतो तो काचेच्या आत बुरशीची नक्षी उमटलेली आणि एका कोपऱ्याला कसर लागलेली. कागदावर आता भरवसा नको, फोटो धातूवर छापून घ्यावा, असे आमच्या कमिटीत ठरले. निवृत्त कामगारांनी वर्गणी काढली. पेन्शनच्या तुटपुंज्या रकमेतून काढलेली ती वर्गणी होती, हे मुद्दाम सांगतो.

एका दुकानदाराकडे आम्ही काम दिले. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. त्याने तीन फूट रुंदीची चकचकीत तसबीर करून दिली आणि आम्ही समारंभपूर्वक तिचे अनावरण केले. वाइंडिंग खात्यात काम करणाऱ्या एक मावशी त्या फोटोत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. त्यांची मुलगी नातवंडांना घेऊन समारंभाला आली होती. बराच वेळ ती तसबिरीपुढे उभी राहिली आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाली, “भाऊ, फोटो छान झालाय. पण ही माझी आई नव्हे.”

मी नीट पाहिले. देवीचे वण नाहीसे झाले होते. अकराही माणसे उजळ कांतीची झाली होती. एकाचे पुढे आलेले दात सरळ झाले होते. लहान फोटो तीन फुटांचा करताना संगणकाने जे मुळात नव्हते ते आपल्या अंदाजाने भरले होते, आणि त्याचा अंदाज असा की माणसाचा चेहरा तुळतुळीत असतो. एवढ्याने भागले नाही. दुसऱ्या पावसाळ्यात तसबिरीची खालची कड सुटू लागली. नखाने उचलली तर पापुद्र्यासारखी वर आली. आम्हाला ‘मेटल प्रिंट’ म्हणून दिलेली वस्तू म्हणजे पत्र्यावर चिकटवलेला स्टिकर होता.

वर्गणीचा हिशेब सर्वसाधारण सभेपुढे मला द्यावा लागला. त्या दिवशी ठरवले, की पुन्हा हे काम करायचे तर आधी ते समजून घ्यायचे. जे समजले ते आज आपल्यापुढे मांडतो.

धातूवरचे छायाचित्र ही नवी गोष्ट नव्हे. छायाचित्रणाचा जन्मच मुळी धातूवर झाला. फ्रान्समध्ये निएप्स या गृहस्थाने १८२६-२७ च्या सुमारास खिडकीतून दिसणारे दृश्य जस्तासारख्या दिसणाऱ्या प्यूटर नावाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर, डांबराच्या जातीच्या एका द्रव्याचा थर देऊन टिपले. कॅमेऱ्याने घेतलेले आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छायाचित्र हेच. त्याचा भागीदार डागेर याने पुढे चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा वापरला. त्या पत्र्याला आयोडिनची वाफ द्यायची, कॅमेऱ्यात ठेवून चित्र घ्यायचे आणि मग पाऱ्याच्या वाफेने ते उमटवायचे, अशी ती रीत. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये ही कृती जाहीर झाली. फ्रेंच सरकारने डागेरला आणि निएप्सच्या मुलाला पेन्शन देऊन ती लोकांसाठी खुली केली. शोधकाला पेन्शन मिळाली, हे वाचून माझ्यासारख्याला समाधान वाटले. पण पाऱ्याची वाफ हुंगत काम करणाऱ्या कारागिरांच्या फुप्फुसांचा हिशेब कोणी मांडला, हे मात्र माझ्या वाचनात आले नाही. मुंबईतही छायाचित्रणाची गोडी लवकर लागली आणि १८५४ साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली.

डागेरची रीत महागडी होती. गरिबाचा फोटो आला तो लोखंडी पत्र्यावर. १८५३ साली फ्रान्समध्ये मार्टिन याने ती पद्धत मांडली आणि १८५६ साली अमेरिकेत हॅमिल्टन स्मिथ याने तिचे पेटंट घेतले. पातळ लोखंडी पत्र्यावर काळे रोगण चढवायचे आणि त्यावर चित्र घ्यायचे. याला ‘टिनटाइप’ म्हणतात, पण त्यात टिन म्हणजे कथील औषधालाही नसते. स्वस्त, न फुटणारा आणि थोड्या वेळात हातात मिळणारा हा फोटो अमेरिकेच्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात शिपायांनी घरी धाडला. सुतार करवत घेऊन, चांभार आपली हत्यारे घेऊन, अशा कष्टकऱ्यांनी आपापल्या धंद्याच्या अवजारांसह काढून घेतलेले टिनटाइप आज संग्रहालयांत जपून ठेवले आहेत. पत्र्यावरचा फोटो आणि कामकरी माणूस यांचे नाते असे जुने आहे.

आता आजची पद्धत. हिला व्यवहारात ‘सब्लिमेशन’ म्हणतात आणि शाळेच्या पुस्तकात ‘संप्लवन’. शब्द जड असला तरी गोष्ट घरातली आहे. देवापुढे ठेवलेली कापराची वडी उघडी राहिली तर झिजत जाते, पण तिच्याखाली पाणी साचत नाही. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही अशाच विरतात. घन पदार्थ वितळून पातळ न होता एकदम वायुरूप होतो, यालाच संप्लवन म्हणतात.

या छपाईतले रंग याच जातीचे असतात. गिरणीत रंगखात्यात काम केलेल्यांना ‘डिस्पर्स’ रंग ठाऊक आहेत. टेरिलिनसारख्या पॉलिएस्टर कापडाला हेच रंग उष्णतेने चढवतात. सुती कापडाला ते धरत नाहीत. फोटो छापताना आधी खास कागदावर या रंगांनी चित्र उलटे, म्हणजे आरशात दिसावे तसे छापतात. तो कागद पत्र्यावर पालथा घालून दोन्ही गरम दाबयंत्रात, म्हणजे हीट प्रेसमध्ये ठेवतात. सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णता आणि सर्वत्र सारखा दाब दिला, की काही मिनिटांत रंग वायुरूप होऊन पत्र्यात शिरतो आणि थंड होताच तेथेच कोंडला जातो. ॲल्युमिनियम वितळायला ६६० अंश लागतात, त्यामुळे पत्र्याला काही होत नाही.

पण रंग ‘पत्र्यात’ शिरतो असे जे मी म्हणालो, ते थोडे दुरुस्त करतो. नुसते ॲल्युमिनियम हा रंग घेत नाही, जसे सुती कापड घेत नाही. म्हणून कारखान्यातच त्या पत्र्यावर पॉलिएस्टर जातीचा पारदर्शक थर चढवलेला असतो. रंग मुरतो तो त्या थरात. तेव्हा तुमच्या तसबिरीचे आयुष्य धातूवर जितके अवलंबून आहे त्याहून अधिक त्या थरावर आणि रंगावर आहे. हे ज्याने ध्यानात घेतले त्याची निम्मी फसवणूक टळली. कपांवर फोटो छापतात, पदकांवर आणि दारावरच्या पाट्यांवर नावे छापतात, तीही बहुधा हीच युक्ती असते. मात्र पाटीला जो पत्रा चालतो तो मोठ्या तसबिरीला चालतोच असे नाही.

आता बाजारात ‘मेटल प्रिंट’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली आता सांगितलेली सब्लिमेशनची. दुसरीत एक यंत्र पत्र्यावर थेट शाईने छापते आणि अतिनील दिव्याच्या प्रकाशात ती शाई जागच्या जागी वाळवते. येथे शाई मुरत नाही, वर बसते. तिसरी म्हणजे कागदावर किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर छापलेला फोटो पत्र्यावर चिकटवणे. तिन्हींना आपापली जागा आहे आणि तिन्हींचे भाव निरनिराळे असायला हवेत. घोटाळा होतो तो तिसरी वस्तू पहिलीच्या भावाने घेतली की.

ओळखावे कसे? नमुना हातात घ्या आणि आधी कड पाहा. सब्लिमेशनचा पत्रा एकसंध आणि साधारण एक मिलिमीटरहून थोडा जाड असतो. कडेला दोन पातळ पत्रे आणि मध्ये प्लॅस्टिकचा थर असे सँडविच दिसले, तर तो दुकानांच्या पाट्यांना वापरतात तो कंपोझिट पत्रा. मग कडेवरून हळूच नख फिरवा. नखाला पापुद्रा लागला तर चित्र चिकटवलेले आहे. शेवटी नमुना उजेडात तिरपा धरा. शाई वर बसलेली असेल तर गडद भाग किंचित उंच, खडबडीत दिसतो. रंग मुरलेला असेल तर सगळा पृष्ठभाग एका पातळीत काचेसारखा सलग दिसतो. ही तपासणी फुकट आहे आणि तिला अर्धे मिनिट लागते. आम्ही ती केली असती तर वर्गणी वाचली असती.

वस्तू ओळखली. आता लॅब पारखायची. मी तिला पाच प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न : दाबयंत्र तुमचे स्वतःचे आहे का, आणि केवढे आहे? पुष्कळ दुकाने काम घेतात आणि बाहेर दुसऱ्याकडे करवून घेतात. त्यात गैर काही नाही, पण मग बोलायचे कोणाशी आणि चूक झाली तर धरायचे कोणाला, हे आधी कळले पाहिजे. यंत्राचा आकार विचारण्याचे कारण असे, की तसबीर यंत्रापेक्षा मोठी असेल तर ती एका दाबात निघत नाही.

दुसरा प्रश्न : पत्रा कोणता देणार? यात दोन निवडी असतात. पत्र्याला पांढरा पाया असतो किंवा नसतो. या रंगांत पांढरा रंग नसतो. चित्रात जे पांढरे दिसते ते खालच्या पायाचे पांढरेपण असते. पाया नसलेल्या पत्र्यावर पांढऱ्या जागी धातूच चमकतो. समुद्राच्या लाटांना, यंत्रांच्या फोटोंना ते खुलून दिसते, पण माणसांच्या चेहऱ्यांना नाही. माणसांच्या फोटोला पांढरा पायाच घ्यावा. दुसरी निवड चकचकीत की मंद. चकचकीत पृष्ठभागावर काळा रंग खोल दिसतो, पण समोर खिडकी किंवा ट्यूबलाइट असेल तर फोटोपेक्षा तीच जास्त दिसते. सभागृहात मंद पृष्ठभाग बरा. लॅबवाला तुम्हाला तसबीर कोठे लावणार असे विचारतो की नाही, हे पाहा. जो विचारतो त्याला आपले काम कळते.

तिसरा प्रश्न : आधी लहान नमुना छापून द्याल का? याचे पैसे पडले तरी द्यावेत. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, पत्र्याला नसतो, त्यामुळे पडद्यावर पाहिलेला फोटो पत्र्यावर नेहमी थोडा गडद वाटतो. प्रत्येक शाई, कागद आणि पत्रा यांच्या जोडीसाठी रंगांचे माप बसवावे लागते. चांगली लॅब ते बसवून ठेवते. ते बसले आहे की नाही, याची खरी परीक्षा रंगीत फोटोत होत नाही, कृष्णधवल फोटोत होते. कारण करडा रंग येथे निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईच्या मिश्रणातून तयार करावा लागतो. त्यातली एक शाई तसूभर अधिक झाली, की चेहरे हिरवट किंवा जांभळट होतात. पिवळ्या साडीत असा फरक खपून जातो, करड्यात खपत नाही. म्हणून पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्याच्या पायऱ्या असलेली एक पट्टी आणि तुमच्या फोटोतला एक चेहरा छापून मागा. तो नमुना दिवसाच्या उजेडात पाहा आणि रात्री ट्यूबखालीही पाहा. एका उजेडात करडा दिसणारा रंग दुसऱ्यात तांबूस दिसू शकतो.

चौथा प्रश्न : फोटोत तुम्ही काय काय बदलता? आमच्या फजितीचे मूळ येथे होते. थोडा हिशेब सांगतो. सहा बाय चार इंचांचा फोटो इंचाला ६०० ठिपके या मापाने स्कॅन केला, तर ३६०० गुणिले २४०० ठिपके मिळतात. ते २४ बाय १६ इंचांवर पसरले तर इंचाला १५० ठिपके पडतात. भिंतीवर चार हातांवरून पाहायच्या तसबिरीला ते पुरतात. तेच ३६ बाय २४ इंचांवर पसरले, की इंचाला १०० उरतात आणि चेहऱ्याचे बारकावे विरळ होतात. मूळ फोटोत चेहराच पाव इंचाचा. त्यात जेवढे आहे तेवढेच आहे. मोठेपणाच्या हौसेने आम्ही तीन फूट मागितले आणि दुकानदाराने उणे पडलेले संगणकाकडून भरून घेतले. यात चूक त्याची होती, तशी आमचीही होती.

म्हणून लॅबला लिहून द्यावे : बुरशीचे, घडीचे आणि धुळीचे डाग काढा, पण माणसाच्या चेहऱ्यावरचे काही काढू नका आणि काही घालू नका. कांती उजळ करू नका. संगणकाने तपशील वाढवायचा असेल तर आधी विचारा. सुधारलेली फाइल छापण्यापूर्वी मूळ फाइलशेजारी ठेवून दाखवा. आणि ती पाहायला त्या माणसाला ओळखणारे कोणीतरी बोलवा. मुलगा आपल्या बापाला ओळखतो तसे कोणतेही यंत्र ओळखत नाही. मूळ फोटो मात्र लॅबच्या ताब्यात ठेवू नये. समोर बसून स्कॅन करून घ्यावा आणि परत आणावा.

पाचवा प्रश्न : काम सदोष निघाले तर पुन्हा छापून द्याल का, आणि ते पावतीवर लिहाल का? सदोष म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक हवे. दाब सारखा नसेल तर कोपरे फिके पडतात. दाबताना कागद सरकला तर अक्षरांना आणि चेहऱ्यांना दुहेरी कड येते. उष्णता किंवा वेळ कमी पडला तर काळा रंग काळा न होता तपकिरी राहतो. तो जास्त झाला तर बारीक रेषा पसरतात आणि पांढरे पिवळट पडते. पत्र्यावर धूळ किंवा कापसाचा तंतू राहिला तर तेवढा ठिपका उमटतो. आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक दोष येतो. छपाईचा कागद हवेतली ओल पितो, दाबयंत्रात तिची वाफ होते आणि रंग ढगाळ, चट्ट्याचट्ट्यांचा उतरतो. जाणकार लॅब कागद बंद ठेवते आणि दाबण्यापूर्वी वाळवून घेते. जुलैत काम द्यायचे असेल तर हे अवश्य विचारावे.

आता ज्या प्रश्नाशिवाय माझे समाधान होत नाही, तो सांगतो. तो मी लॅबच्या मालकाला विचारत नाही, स्वतः आत जाऊन पाहतो. दाबयंत्रावर कोण उभे आहे? दुसऱ्यांदा काम देण्यापूर्वी मी दोन ठिकाणी गेलो. एका ठिकाणी एक तरुण बंद खोलीत २०० अंशांच्या यंत्रापुढे उभा होता. धूर बाहेर काढणारा पंखा नव्हता, हातमोजे नव्हते, आणि मजुरी नगावर होती. जितके नग तितके पैसे असले, की माणूस पत्रा वेळेआधी काढणारच. त्याच्या शेजारी रचलेल्या तसबिरींतला काळा रंग तपकिरी का होता, याचे कारण मला यंत्राकडे न पाहताच कळले. दुसऱ्या ठिकाणी कामकरी पगारावर होता, खोलीत हवा खेळती होती, टेबल पुसलेले होते आणि प्रत्येक पत्र्याला लागलेला वेळ तो वहीत टिपत होता. मी विचारले, “चूक झाली तर पत्र्याचे पैसे तुमच्या पगारातून कापतात का?” तो हसून म्हणाला, “नाही काका. खराब झालेला पत्रा बाजूला ठेवायचा आणि का झाला ते लिहायचे.” आम्ही काम तेथे दिले. मी युनियनचा माणूस आहे म्हणून हे बोलतो असे कोणी म्हणेल. पण ज्या माणसाला चूक कबूल करण्याची भीती नाही, तोच सदोष माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारत नाही, हे मी पस्तीस वर्षे कारखाने पाहून सांगतो.

थोडे घरी आणल्यानंतरचेही सांगायला हवे. २४ बाय १६ इंचांचा असा पत्रा पाऊण किलोच्या आसपास भरतो. तेवढीच तीन मिलिमीटरची काच पावणेदोन किलोहून जड होते. त्यामुळे टांगणे सोपे, पण मागे आधार काय दिला आहे ते पाहावे. भिंतीपासून बोटभर पुढे राहील अशी पट्टी मागे असली तर ओल्या भिंतीची बाधा पोचत नाही. कोपरे टोकदार असतात. लहान मुले फिरतात अशा जागी ते गोल करून घ्यावेत. पत्रा एकदा वाकला की सरळ होत नाही, म्हणून बांधणीत कोपऱ्यांना जाड पुठ्ठा हवा. पुसायला मऊ फडके आणि थोडे पाणी पुरते. घासणी लावू नये.

आणि पत्रा अमर आहे असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. ॲल्युमिनियम लोखंडासारखे गंजून जात नाही, त्याला बुरशी खात नाही, कसर लागत नाही. आपल्या हवेत एवढा लाभही मोठा आहे. पण रंग तो रंगच. साधा पत्रा थेट उन्हात लावला तर चित्र फिके पडणारच, मग ते धातूवर असो की कागदावर. म्हणून तसबीर घरात, उन्हापासून दूर लावावी. जी फाइल छापली ती निदान दोन ठिकाणी जपून ठेवावी आणि मूळ फोटो कोरड्या जागी, आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळून ठेवावा. त्याच्या मागे माणसांची नावे पेन्सिलीने लिहावीत. फोटो टिकला आणि नावे विसरली गेली, तर टिकवले काय?

आमची दुसरी तसबीर दोन फुटांची आहे, पहिलीपेक्षा लहान आणि मंद. चेहरे थोडे अस्पष्ट आहेत, कारण मूळ फोटोत ते तसेच आहेत. खाली पट्टीवर अकरा नावे छापली आहेत. ती जमवायला आम्हाला चार महिने लागले. दोन नावे मिळाली ती एका जुन्या बोनसच्या यादीतून. या वेळी छापण्यापूर्वी नमुना घेऊन मी मावशींच्या मुलीच्या घरी गेलो. तिने तो दारात, उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला. मग देवीच्या वणांवरून बोट फिरवून आपल्या नातीला म्हणाली, “ही बघ, तुझी पणजी.” त्यानंतरच मी लॅबला छापायला सांगितले.

तेव्हा श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी, एखाद्या ट्रंकेत किंवा देव्हाऱ्यामागे, असा एखादा फोटो असेल. येत्या पावसाळ्याआधी तो बाहेर काढून पाहावा, एवढीच माझी विनंती आहे. कोठे छापावा ते वर सांगितलेल्या प्रश्नांनी ठरवता येईल. पण पहिले काम आजच रात्री घरी जाऊन करता येण्याजोगे आहे : त्यातल्या माणसांना ओळखणारे जे कोणी वडीलधारे घरात असतील, त्यांच्याजवळ बसून नावे लिहून घ्यावीत.